महागडा प्रीअँप खरंच भारी वाजतो का? नाव झाकून ऐकलं की कळतं

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव. कुठल्याही गावात आज एक तरी पोरगं घरच्या खोलीत माइक लावून बसलेलं सापडतं. कुणी खंजेरी भजन रेकॉर्ड करतं, कुणी वऱ्हाडी कॉमेडीचे व्हिडिओ करतं, कुणी पॉडकास्ट. माइक घेऊन झाला की पुढचा प्रश्न येतो, प्रीअँप कुठला घ्यायचा? पाच-सात हजारांचा चालेल, की पंचवीस हजार घालायचे?

यूट्यूबवर याची उत्तरं ढिगाने आहेत. एक म्हणतो याचा आवाज 'वॉर्म' आहे, दुसरा म्हणतो त्याचा 'क्लीन' आहे. गंमत अशी की ऐकताना प्रत्येकाला समोर डबा दिसत असतो आणि किंमतही माहीत असते.

आधी प्रीअँप करतो काय ते बघू. माइकमधून निघणारा सिग्नल अगदी बारीक असतो. शुअर एसएम५८ सारख्या माइकसमोर 94 डेसिबलचा, म्हणजे चांगला मोठा आवाज केला, तरी तो जेमतेम 1.85 मिलिव्होल्ट देतो. एवढ्याशा सिग्नलला शेकडो पट वाढवून रेकॉर्डिंगच्या लायक करणं हे प्रीअँपचं काम. यूएसबीने लॅपटॉपला जोडतात त्या ऑडिओ इंटरफेसमध्ये तो आतच असतो.

वाढवताना तो स्वतःची थोडी खरखर मिसळतो. ही खरखर किती, ते कंपन्या 'ईआयएन' या आकड्यात सांगतात. फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत हा आकडा उणे 128 डीबीयू आहे. 150 ओहमच्या माइकसाठी निसर्गाची मर्यादाच साधारण उणे 131 आहे. म्हणजे लाख रुपयांचा प्रीअँप घेतला तरी याच्या पुढे फार तर तीन डेसिबलची जागा उरते.

आता हाच आकडा खोलीत आणून बघा. एसएम५८ ला उणे 128 वाला प्रीअँप लावला तर त्याची खरखर खोलीतल्या साधारण 18 डेसिबल आवाजाइतकी भरते. अगदी सुमार, उणे 120 वाला लावला तरी 26. आणि रात्री सगळं बंद केलेली शांत खोली असते 30 डेसिबलच्या आसपास. पंखा सुरू केला की आकडा आणखी वर जातो. मे महिन्यात वर्ध्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा कूलर बंद करून गाणं म्हणणं ही वेगळीच साधना आहे. पण कूलर सुरू ठेवून प्रीअँपच्या खरखरीवर चर्चा करण्यात काही अर्थ नाही.

मग फरक नसतोच का? असतो, पण तो आहे की नाही हे नाव झाकूनच तपासावं लागतं. औषधांच्या चाचणीत हीच युक्ती वापरतात. खरी गोळी कुणाला आणि नुसती साखरेची कुणाला, हे रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही नाही. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो हे समजावून सांगेल. कानांचंही तसंच आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 21 व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे लावून, जुनी आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली होती. जुन्यांमध्ये कोट्यवधींची स्ट्राडिव्हेरियस होती. बहुतेकांनी पसंत केलं नवं व्हायोलिन, आणि आपलं जुनं आहे की नवं हेही अनेकांना ओळखता आलं नाही.

घरी हे करायचं तर पहिली अडचण गायकाचीच. एकच ओळ दोनदा म्हटली तर दोन्ही वेळा ती वेगळीच येते. मग कान प्रीअँपला नाही, गायकाच्या मूडला मार्क देतात. दोन प्रीअँपला एकाच वेळी वाय-केबलने माइक जोडायचा विचार बरेच जण करतात, पण त्यात दोन्हींचा भार माइकवर पडतो आणि डायनॅमिक माइकचा स्वभावच थोडा बदलतो.

सोपा रस्ता असा. तीस सेकंदांचं गाणं आधी रेकॉर्ड करून ठेवा. ते चांगल्या स्पीकरवर वाजवा, समोर माइक स्टँडवर पक्का बसवा, आणि स्पीकर, माइक, आवाजाचं बटन यातलं काहीही न हलवता एकेक प्रीअँप लावून तेच पुन्हा रेकॉर्ड करा. माइक दोन बोटं सरकला तरी जो फरक पडतो तो दोन प्रीअँपमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, हे लक्षात ठेवा.

यानंतरची पायरी बहुतेक व्हिडिओवाले गाळतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. दोन्ही फाइल्सचा आवाज सारखा करायचा. नुसता कानाने नाही, मोजून. त्यासाठी गाण्याआधी एक किलोहर्ट्झचा टोन वाजवून तोही रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींची पातळी 0.1 डेसिबलच्या आत जुळवा. कारण अर्धा डेसिबल मोठं असलेलं कानाला 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. 'वॉर्म', 'ओपन', 'भरदार' ही अर्धी विशेषणं इथूनच येतात.

मग एबीएक्स चाचणी. अ एक प्रीअँप, ब दुसरा, आणि क्ष म्हणजे त्यातलाच एक, पण कुठला ते लपवलेलं. तुम्ही ओळखायचं. फूबार२००० या प्लेअरमध्ये यासाठी फुकट जोड मिळते. किंवा घरातल्या भावंडाला फाइल्सची नावं बदलून ठेवायला सांगा, आणि ऐकताना त्याला खोलीबाहेर बसवा, कारण त्याचा चेहराही उत्तर सांगतो. असं 16 वेळा करा. नुसता अंदाज ठोकून 12 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी आहे. तेव्हा 12 आले तर फरक ऐकू येतो असं धरायला हरकत नाही. आठ-नऊ आले, तर नाणं उडवल्यासारखंच.

फरक खरंच ऐकू येतो अशा जागा मात्र आहेत. शुअर एसएम७बी सारखा कमी सिग्नल देणारा माइक साध्या बोलण्याला 60 डेसिबलच्या आसपास गेन मागतो, तिथे स्वस्त प्रीअँप बटन पूर्ण फिरवल्यावर खरखरू लागतो. उलट टोक खंजेरीचं. जवळून पडलेली थाप इतकी जोरात येते की संवेदनशील कंडेन्सर माइकमागचा इनपुट भरून आवाज फाटतो, आणि किती मोठा सिग्नल झेलता येतो हे प्रत्येक प्रीअँपचं वेगळं असतं. तिसरी भानगड घराच्या वायरिंगची. अर्थिंग नीट नसेल तर 50 हर्ट्झची गुणगुण येते आणि दोष प्रीअँपवर जातो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गुणगुण गेली तर नवा डबा घ्यायची गरज नाही.

त्यामुळे चाचणी घ्यायची तर आपल्याच माइकवर आणि आपल्याच आवाजाची घ्या. पॉडकास्टवाल्याला जो प्रीअँप पुरतो तो भजनीमंडळाला पुरेलच असं नाही. आणि 16 पैकी आठच आले, तर उरलेल्या पैशांत दोन जाड गाद्या किंवा रजया घेऊन माइकच्या मागे टांगा. तो फरक डोळे उघडे ठेवूनही ऐकू येतो, बंद करूनही.