पुढचा आस : एकसंध की स्वतंत्र?

दिल्लीच्या दक्षिण सीमेला लागून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील दोन औद्योगिक शहरे आहेत, गुरुग्राम आणि फरीदाबाद. गुरुग्राममधील मारुतीच्या कारखान्यातून डिसेंबर १९८५ पासून जिप्सी बाहेर पडू लागली; २०२१ पासून तेथेच तिची वारसदार जिम्नी तयार होत आहे. फरीदाबादेत १९५९ मध्ये आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला आणि पुढे एस्कॉर्ट्सच्या कारखान्यांनी त्या शहराला ट्रॅक्टरांचे शहर अशी ओळख दिली. वरवर पाहता या यंत्रांत साम्य नाही. मात्र खाली वाकून पाहिले की एक गोष्ट सारखी दिसते : पुढची दोन्ही चाके एकाच ताठ आसाच्या दोन टोकांना बसवलेली आहेत. प्रवासी मोटारींनी ही रचना पुढच्या बाजूस केव्हाच सोडून दिली. ती येथे का टिकली, हा प्रश्न शेतीसाठी चारचाकी घेऊ पाहणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण पाणंदीच्या चिखलात गाडी अडकणे किंवा न अडकणे पुष्कळदा इंजिनाच्या ताकदीपेक्षा या रचनेवर ठरते.

एकसंध आस समजून घेण्यासाठी बैलगाडीचा आख डोळ्यांसमोर आणला तरी पुरे. एक चाक दगडावर चढले की आख तिरका होतो आणि दुसरे चाक त्या हालचालीत ओढले जाते. मोटारीत या आसाच्या पोटात डिफरन्शियल व चाके फिरवणारे दांडे असतात, आणि आस व सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. जिप्सीत पुढेमागे कमानपाटे होते. जिम्नीत त्यांची जागा कॉइल स्प्रिंगांनी घेतली, आस मात्र एकसंधच राहिला. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये असा आसच नसतो. डिफरन्शियल सांगाड्याला पक्के बसवलेले असते आणि प्रत्येक चाक आपापल्या बाहूंवर, बहुधा एकावर एक अशा दोन विशबोनांवर, वेगवेगळे वरखाली होते. उजवे चाक खड्ड्यात गेले तरी डाव्याला त्याची फारशी खबर लागत नाही.

उंचसखल जमिनीवर गाडी पुढे नेण्यासाठी चारही चाके जमिनीला टेकलेली राहणे आवश्यक असते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक हवेत लटकले की त्याला फिरवण्यास जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे नगण्य जोर मिळतो. चाक गरगरा फिरते आणि गाडी जागची हलत नाही. येथे एकसंध आसाचा मोठा गुण दिसतो. त्याच्या स्प्रिंगा चाकांच्या आत, गाडीच्या मध्याकडे असतात. दोन स्प्रिंगांमधील अंतर दोन चाकांमधील अंतराच्या निम्मे असेल, तर त्याच स्प्रिंगा थेट चाकांपाशी बसवल्यावर आस तिरका होण्यास जेवढा विरोध झाला असता, त्याच्या चौथा हिस्साच विरोध उरतो. त्यामुळे सांगाडा फारसा न कलता आस पुष्कळ तिरका होऊ शकतो. शिवाय एक चाक वर ढकलले गेले की तरफेप्रमाणे दुसरे चाक खाली दाबले जाते. बांध तिरका ओलांडताना किंवा ओढ्यातील धोंड्यांवरून जाताना याचा प्रत्यक्ष फायदा मिळतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये बाहूंची लांबी आणि चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यांचा कोन चाकाच्या हालचालीला लवकर मर्यादा घालतात. तेच चाक तेथे लवकर उचलले जाते.

जमिनीपासूनची उंची हा दुसरा मुद्दा, आणि माहितीपत्रकातील आकडा सर्वाधिक फसवतो तो येथेच. जिम्नीचा जाहीर आकडा २१० मिलिमीटर आहे. तिच्या १९५/८० आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६९ सेंटिमीटर, म्हणजे आसाचा मध्य जमिनीपासून सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर उंच. डिफरन्शियलचा फुगीर भाग त्याहून खाली येतो, आणि मोठा टायर घातल्याशिवाय तो वर नेता येत नाही. खोल चाकोऱ्यांच्या रस्त्यात मधला मातीचा उंचवटा नेमका तेथेच घासतो. हा दोष खरा आहे. परंतु त्याच्याच पोटात एक गुण दडलेला आहे : गाडी भरली, उतारावर ब्रेक लागले, पुढचा भाग दबला, तरी आसाखालची ही उंची कमी होत नाही, कारण आस स्प्रिंगांवर नसून थेट टायरवर आहे. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल सांगाड्याबरोबर खाली येते. रिकाम्या गाडीखाली प्रशस्त दिसणारी जागा पोती भरल्यावर आणि पुढचे चाक खड्ड्यात आपटल्यावर, नेमक्या गरजेच्या क्षणी आक्रसते. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने दोन्ही आकडे एकाच प्रकारचे नाहीत हे लक्षात ठेवावे.

मग स्वतंत्र सस्पेन्शन आले कशासाठी? वेगासाठी. एकसंध आस, डिफरन्शियल आणि चाके हे सारे वजन स्प्रिंगांच्या खाली असते. वेगाने खड्ड्यांवरून जाताना एवढे वजन झटकन वर उचलून तितक्याच झटकन खाली आणणे स्प्रिंगांना जमत नाही. चाक जमिनीवरून उडते आणि धक्का थेट माणसाला व मालाला बसतो. त्यातच वेगाने फिरणाऱ्या चाकांचा आस तिरका झाला की भोवऱ्याच्या नियमाने चाके बाजूला वळू पाहतात आणि सुकाणू हातात थरथरते. यमुनेच्या खादरातील वाळूमिश्रित वाटा असोत की महाराष्ट्रातील खडीचे रस्ते, भाजी बाजारात पोहोचवणाऱ्याचा बहुतेक प्रवास ताशी चाळीस-साठ किलोमीटरने होतो, धोंड्यांवरून नव्हे. टोमॅटोच्या क्रेटला चाक किती तिरके होते याच्याशी कर्तव्य नसते. त्याला धक्के कमी बसावेत एवढेच हवे असते.

भारतीय सैन्यानेही हा तोल वेळोवेळी तपासलेला दिसतो. जिप्सी दीर्घकाळ सैन्याची आवडती गाडी राहिली, कारण ती हलकी होती, साधी होती आणि डोंगरात चढत होती. पुढे ८०० किलो भार वाहणाऱ्या, छप्पर असलेल्या गाडीची गरज मांडली गेली आणि २०१७ मध्ये टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी नोंदवली गेली. स्टॉर्मला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे एकसंध आस आहे. भार आणि प्रवासातील सोय यांचे पारडे जड झाले, असा याचा एक अर्थ लावता येईल. स्वतंत्र रचना दुर्गम जमिनीवर श्रेष्ठ ठरली, असा मात्र नव्हे.

पुढे स्वतंत्र आणि मागे एकसंध, हीच मिश्र रचना आज महाराष्ट्राशी नाते असलेल्या दोन्ही गाड्यांत आढळते. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारने २०१० मध्येच जुन्या जीपचा पुढचा आस सोडला. २०२० च्या थारमध्ये पुढे दुहेरी विशबोन आणि मागे कॉइल स्प्रिंगांवरील एकसंध आस आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा काही वर्षे पुढेही एकसंध आस बाळगून होती, परंतु २०२१ च्या गुरख्यात तोही गेला. मात्र गुरख्यात पुढच्या व मागच्या दोन्ही डिफरन्शियलांना चालकाने लावायचे लॉक आहेत, आणि हा तपशील सस्पेन्शनइतकाच महत्त्वाचा आहे. लॉक लागले की दोन्ही चाके एकत्र फिरतात. एक हवेत असले तरी दुसरे गाडी ओढते. जिम्नीत तेच काम काही प्रमाणात ब्रेककडून करवून घेतले जाते : मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो आणि जोर समोरच्या चाकाकडे वळतो. थोडक्यात, स्वतंत्र सस्पेन्शनमुळे चाक उचलले जाण्याचा तोटा लॉक बराचसा भरून काढतो. ज्या गाडीत स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पण लॉक किंवा ब्रेकची ही सोय नाही, ती चारही चाकांनी चालणारी असूनही ओल्या काळ्या मातीत निराश करू शकते.

देखभालीत एकसंध आस उजवा ठरतो. सांधे थोडे, चाकांचा उभा कोन कारखान्यातच पक्का, बिघाड झाला तरी तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होणारा. जिप्सीची २०१९ मध्ये खासगी ग्राहकांसाठीची विक्री थांबली, तरी तिच्या जुन्या गाड्यांना मागणी असते. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल वाहनांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. अशी गाडी पाहताना पुढच्या चाकांच्या आतील गोलाकार गाठीपाशी तेल झिरपत आहे का, चाक वरून-खालून धरून हलवल्यास ढिले वाटते का आणि कमानपाट्यांची पाने तडकली आहेत का, हे पाहावे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत वेगळी तपासणी लागते. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवरील रबरी बूट फाटले असतील, तर चिखल व वाळू सांध्यात शिरून तो अल्पावधीत निकामी होतो. टायर एकाच कडेने झिजलेले दिसले, तर बाहूंचे बुश किंवा बॉल जॉइंट गेले आहेत असे समजावे.

आता ट्रॅक्टर. त्याचा पुढचा आस एकसंध असला तरी बहुतेक ट्रॅक्टरांत तो स्प्रिंगांवर नसतो. मध्यभागी एका जाड पिनेवर तराजूच्या दांडीसारखा झुलतो. स्प्रिंग नसूनही चारही चाके जमिनीला टेकलेली राहतात ती या झुलण्यामुळे. मागची बाजू मात्र ताठ असते, आणि तशीच असावी लागते. नांगराची खोली राखणारी हायड्रॉलिक यंत्रणा ट्रॅक्टरच्या मागच्या भागाच्या उंचीवर अवलंबून असते. तेथे स्प्रिंगा असत्या तर फाळ क्षणाक्षणाला वरखाली झाला असता. युरोप-अमेरिकेत ताशी ४० ते ५० किलोमीटरने रस्त्यावर धावणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरांना पुढे सस्पेन्शन, काहींना तर स्वतंत्र सस्पेन्शनही मिळाले आहे. ताशी तीसच्या आसपास चालणाऱ्या भारतीय ट्रॅक्टरात त्याचा खर्च वसूल होणे कठीण.

या झुलत्या आसाची एक बाजू चालकाच्या जिवाशी संबंधित आहे. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो, पण त्याचा तोल सुरुवातीला तीन बिंदूंवर असतो : मागची दोन चाके आणि पुढची पिन. उतारावर ट्रॅक्टर बाजूला कलू लागला की पुढचा आस पिनेवर फक्त फिरतो आणि कलण्याला विरोध करत नाही. आस आपल्या थांब्याला टेकल्यावरच पुढची चाके आधार देतात, आणि तोवर ट्रॅक्टरला कलण्याची गती आलेली असते. पुढची चाके जमिनीवर घट्ट दिसत आहेत म्हणून चालक निर्धास्त राहतो, तो याच कारणाने फसतो. पुढे लोडर बसवून भरलेली बादली उंच धरली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि धोका आणखी वाढतो. बांधाच्या कडेने जाताना बादली शक्य तितकी खाली ठेवावी. पिनेचे बुश झिजले की आस पुढेमागेही हलू लागतो, सुकाणूतील मोकळीक वाढते आणि टायर विचित्र झिजतात. जॅकवर पुढचा भाग उचलून आस हाताने पुढेमागे ढकलला, तर ही झीज लगेच जाणवते. पिनेच्या ग्रीस निपलवर चिखल वाळून बसलेला असतो. खरिपाच्या कामांपूर्वी तो खरवडून, जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.