प्लगचा रंग आणि चोकची तार

पद्मिनी गाडीचे उत्पादन 2000 सालच्या सुमारास थांबले. तरी वडिलांनी जिवापाड जपलेली एखादी पद्मिनी इंदुरातल्या मराठी घरांच्या दारी अजूनही उभी दिसते. आमच्याही दारी आहे. तिच्या 1089 घनसेंटिमीटरच्या इंजिनात संगणक नाही. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण राखण्याचे काम मालकाच्या डोळ्याकानांवर येऊन पडते. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे 14.7 भाग हवा लागते. पेट्रोल अधिक झाले की प्लग काजळतो. हवा अधिक झाली की तो तापून पांढरा पडतो.

हे ज्ञान मला पुस्तकातून नव्हे, घाटात झाले, असे खेदाने नमूद केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीचे चारही प्लग वरचेवर काळे पडू लागले. ‘एक नंबर गरम प्लग टाका, मास्तर,’ असा एका मिस्त्रींनी सल्ला दिला आणि मी तो मानला. प्लग ‘गरम’ असणे म्हणजे त्याची ठिणगी अधिक तेज असणे नव्हे. मधल्या चिनी मातीच्या आवरणाचे टोक लांब असले की उष्णता सावकाश निघून जाते, तो गरम प्लग. टोक आखूड, तो थंड. टोकाचे तापमान साधारण 450 अंशांच्या वर राहिले तर काजळी आपोआप जळते. 850 च्या पलीकडे गेले तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटते.

शहरात गाडी सुधारली. महिन्याभराने काजळीचे खरे कारण सापडले. चोकची तार अडकत होती. कळ आत ढकलली तरी कार्बुरेटरवरचा चोक पुरता मिटत नव्हता. तार मोकळी केली, प्लग पूर्ववत करण्याचे मात्र राहून गेले. त्या उन्हाळ्यात आईला नर्मदास्नान घडवून महेश्वरहून परतताना मानपूरच्या घाटात इंजिन खडखडू लागले. किल्ली बंद केली तरी ते काही क्षण चालतच राहिले. एवढी स्पष्ट सूचना मिळूनही मी थोडे थांबून पुन्हा गाडी हाकली. पिस्टनला भोक पडले. आई काही बोलली नाही. तांब्यातल्या नर्मदेच्या पाण्याने तिने डोळे तेवढे टिपले आणि कडुलिंबाखाली जाऊन बसली.

तेव्हा, प्लग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या उष्णतेचाच घ्यावा. आकडे फसवे असतात. बॉशच्या जुन्या क्रमांकांत, उदाहरणार्थ 175 आणि 225 यांत, मोठा आकडा थंड प्लगचा. नव्या एक-आकडी क्रमांकांत मोठा आकडा गरम प्लगचा. एनजीकेचे पुन्हा उलट. गॅप फीलर गेजने मोजून सुमारे 0.6 मिलिमीटर ठेवावी.

मिश्रणास हात लावण्यापूर्वी चोक, एअर फिल्टर आणि ठिणगीची वेळ तपासावी. इंजिन पुरते तापू द्यावे. सोलेक्स कार्बुरेटरचा मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत फिरवावा, मग ते सर्वांत जलद आणि एकसुरी चालेपर्यंत हळूहळू बाहेर आणावा. वेग वाढला असेल तो थ्रॉटलच्या स्क्रूने उतरवून हा क्रम पुन्हा करावा. परंतु हा स्क्रू केवळ उभ्या गाडीपुरता. रस्त्यावरचे मिश्रण मुख्य जेट ठरवते, आणि अनेक मालक वर्षानुवर्षे तो बिचारा स्क्रूच पिळत बसतात!

म्हणून प्लगही दारात उभ्या गाडीचा पाहू नये. मोकळ्या रस्त्यावर काही मैल एकसारख्या वेगाने जावे, क्लच दाबून इंजिन बंद करावे, गाडी कडेला घ्यावी आणि थंड झाल्यावर प्लग काढावा. बदामी रंग उत्तम. कोरडी काजळी पेट्रोलाची, ओला तेलकटपणा झिजलेल्या रिंगांचा. त्यावर कार्बुरेटरचा इलाज नाही.

आता एक नवी बाब. 2025 पर्यंत देशभर पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉलास हवा कमी पुरते, त्यामुळे जुन्या जेटावर मिश्रण पातळ पडते. आमच्या पद्मिनीचे प्लग पांढुरके दिसू लागले, तेव्हा मुख्य जेट एक आकडा मोठा बसवला. पेट्रोलची रबरी नळीही बदलली, कारण जुने रबर इथेनॉलात टिकत नाही. त्यानंतर महेश्वरला गेलो. येताना मानपूरला गाडी थांबवून मी प्लग काढला, तेव्हा आईने आधी तांब्या हाती घेतला.