लेकराच्या जिभेवर दोन भाषा

गटाच्या मागच्या बैठकीत एका सूनबाईनं विचारलं होतं, "घरात दोन भाषा असल्या तर लेकरू गोंधळतं का?" आज त्यावरच बोलू. हा प्रश्न माझ्याही घरातला आहे.

मी विजापूरकडची. लग्न होऊन जत तालुक्यात आले. माहेरी सगळं बोलणं कानडी, सासरी मराठी. लेक झाली तेव्हा मी तिच्याशी कानडीतच बोलायची. तिला न्हाऊ घालताना, थोपटताना तेच तोंडात यायचं. ती दीड वर्षाची झाली तरी मोजकेच शब्द बोलायची. पाहुण्याबाया म्हणाल्या, "दोन-दोन भाषा कानावर पडल्या की पोर मुकं राहतं. तुझं कानडी बंद कर." मी घाबरले आणि बंद केलं.

पुढं ती अडीच वर्षांची असताना माहेरी गेले. माझ्या आईला मराठी येत नाही. तिनं हात पसरले आणि "बा, बा" म्हणाली. कानडीत 'बा' म्हणजे ये. लेक जागची हलली नाही, माझ्या पदराआड लपली. आईनं हात मागं घेतले आणि पदरानं डोळे पुसले. त्या रात्री मला झोप आली नाही.

परत आल्यावर आमच्या अंगणवाडीच्या बाईंशी बोलले. त्यांनी एकच विचारलं, "घरी हिच्याशी तू दिवसभरात काय काय बोलतेस?" मी आठवू लागले. जेव. झोप. रडू नको. तिकडं जाऊ नको. बस्स! माझं तेव्हाचं मराठी एवढंच होतं. गोष्टी, लाड, चिडवणं, अंगाई, सगळं कानडीत होतं आणि ते मीच बंद केलं होतं. म्हणजे लेकीची एक भाषा कमी झाली, पण त्या जागी दुसरी वाढली नाही. आईचं बोलणंच कमी झालं.

मैत्रिणींनो, दोन भाषांमुळं मूल मुकं होत नाही. बाळ पोटात असल्यापासून आईचा आवाज ओळखतं. लहान वयात दोन-तीन भाषा ऐकत वाढणं हे जगात कितीतरी घरांत रोजचंच आहे. आपल्याकडंच बघा. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, सोलापुरात विणकरांच्या कितीतरी घरांत तेलुगू आहे, मेळघाटात कोरकू आहे. ती मुलं बाहेर मराठी बोलतातच.

मग शब्द कमी का वाटतात? कारण आपण एकाच भाषेतले मोजतो. माझी लेक दुधाला आजीजवळ 'दूध' म्हणायची आणि माझ्याजवळ 'हालु'. मोजायचे तर दोन्ही मोजा. 'आई, नीरु दे' असं ती म्हणायची. नीरु म्हणजे पाणी. हा गोंधळ नव्हे. जो शब्द आधी हाताशी आला, तो तिनं वापरला. मोठं होता होता कुणाशी कुठली भाषा बोलायची हे मुलं आपली आपणच ओळखतात.

पण एक गोष्ट फार महत्त्वाची. भाषेचं निमित्त करून खरी अडचण झाकू नका. वर्ष झालं तरी बाळ 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज काढत नसेल, दीड वर्षापर्यंत कुठल्याच भाषेत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर थांबू नका. कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना सांगा. त्यांची वाट बघायची नसेल तर आशाताईंना विचारून सरकारी दवाखान्यात दाखवा. माझ्या लेकीचे कान मीही तपासून घेतले. ते चांगले निघाले.

आता रोज काय करायचं ते सांगते. ज्या भाषेत तुमचं मन मोकळं होतं, त्या भाषेत लेकराशी बोला. वेळ ठरवली तर सोपं जातं. आमच्याकडं अंघोळ आणि झोप कानडीत, बाकी घर मराठीत. लेकरू चुकलं तर हसू नका, नुसतं बरोबर वाक्य परत म्हणा. पाहुणे आले की "कानडी बोलून दाखव गं" असा आग्रह करू नका, मुलं लाजतात आणि ती भाषाच टाळू लागतात.

अंगणवाडीत घालताना सेविकाताईंना लेकराचे घरचे शब्द सांगून ठेवा. पाणी, भूक, शी, शू, दुखतंय, आई पाहिजे, एवढे तरी. नवी भाषा ऐकणारं मूल सुरुवातीला काही आठवडे गप्प राहू शकतं. ते तेव्हा ऐकत असतं, त्याला वेळ द्या. शाळेचं म्हणाल, तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. आपल्या जतमध्ये, तिकडं अक्कलकोटला जिल्हा परिषदेच्या कानडी शाळाही आहेत. आम्ही मराठी शाळा निवडली. दोन लिप्यांची घाई मात्र केली नाही.

भाषेबरोबर रीतही येते. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, असे दोन्ही लेकीला मिळतात. पुरणपोळीला ती माझ्यापाशी 'होळगी' म्हणते आणि दोन्ही नावांनी दोन-दोन मागून घेते!

खरं सांगायचं तर सगळं काही परत आलं नाही. मी कानडीत विचारलं तरी कितीदा ती मराठीत उत्तर देते. मी रागवत नाही. तिला कळतं, हे मला पुरतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधी नाक मुरडलं होतं. आता नातीला वाढताना त्याच विचारतात, "साकु?" साकु म्हणजे पुरे.

आणि दर रविवारी आम्ही माझ्या आईला फोन लावतो. लेक आता पाच वर्षांची आहे. गेल्या रविवारी तिनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि ओरडली, "अज्जी, बा!" पुढच्या आठवड्यात आई येतेय.

तुमच्या घरातही दुसरी भाषा असेल, तर आज रात्री लेकराला झोपवताना त्या भाषेतली अंगाई म्हणून बघा. पुढच्या बैठकीत आपण त्यावर बोलू.