मेंदूत साचणारे तांबे

कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे अक्षर बिघडू लागते. हात थरथरतो, बोलताना जीभ अडखळते, स्वभाव चिडका होतो. घरच्यांना वाटते, अभ्यासाचा ताण असेल. पण अशा काही मुलांमध्ये मूळ दोष यकृतात असतो आणि मेंदूत तांबे साचत असते. हा ‘विल्सन डिसीज’. किनियर विल्सन या लंडनच्या मेंदूतज्ज्ञाने १९१२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

तांबे, लोह, जस्त यांच्याशिवाय मेंदूचे चालत नाही. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या आणि मेंदूतली संदेशवाहक रसायने बनवणाऱ्या अनेक प्रथिनांना धातूचा अणू लागतोच. मात्र प्रथिनाच्या पकडीतून सुटलेले तांबे किंवा लोह पेशींना इजा करते. म्हणून जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची सोय यकृतात असते. हे काम करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला, तर तांबे आधी यकृतात, मग मेंदूत साचते. डोळ्यांच्या बुबुळाच्या कडेलाही तपकिरी वलय दिसू शकते.

जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५६ मध्ये पेनिसिलामाइन हे औषध पुढे आणले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. जस्ताच्या गोळ्या आतड्यातून तांबे शोषले जाऊ देत नाहीत. उपचार वेळेवर सुरू झाले, तर अनेक रुग्ण नेहमीसारखे आयुष्य जगतात. औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते.

मग पार्किन्सन्समध्येही धातू काढून टाकला तर? या रुग्णांच्या मेंदूच्या एका भागात लोह वाढलेले आढळते. युरोपात ३७२ नव्या रुग्णांवर लोह काढणाऱ्या डेफेरिप्रोन या औषधाची चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूतले लोह घटले, पण रुग्णांची लक्षणे आणखी बळावली. या आजारात आधीच कमी पडणारे डोपामिन बनवणाऱ्या प्रथिनाला लोह लागते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. विल्सनमध्ये तांबे हेच दुखण्याचे मूळ आहे. पार्किन्सन्समध्ये लोह हे मूळ आहे की नुसता परिणाम, हे अजून ठरलेले नाही. त्यामुळे ‘शरीरातले जड धातू काढून देतो’ अशा जाहिरातींना भुलून उपचार घेऊ नयेत.

तरुण वयात कंप, बोलण्यात बदल आणि सोबत कावीळ किंवा यकृताची तक्रार असेल, तर रक्तातील सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्यांची तपासणी करण्याबाबत डॉक्टरांना जरूर विचारावे. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लक्षणे नसली तरी त्यांचीही तपासणी हवी. विल्सनच्या रुग्णांनी तांब्याच्या भांड्यातले पाणी टाळावे. इतरांनी घरातला तांब्या अडगळीत टाकण्याचे कारण नाही.