गरम पाण्याचे झरे आणि आपल्या विहिरीचे पाणी



सातारा-सांगलीकडून घाट उतरून कोकणात जाणाऱ्या अनेकांनी संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, राजवाडी किंवा आरवली येथील गरम पाण्याची कुंडे पाहिली असतील. ‘खाली ज्वालामुखी आहे, म्हणून पाणी तापते’ असे तेथे हमखास ऐकू येते. हे खरे आहे काय? याचे उत्तर पाण्याच्या रासायनिक पृथक्करणातून मिळते. तीच पद्धत आपल्या विहिरीच्या पाण्यालाही लागू पडते.

जिवंत ज्वालामुखीची खूण

भारतातील एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. ज्वालामुखीत तप्त शिलारसातून वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड व गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. शास्त्रज्ञ असे वायू हवा काढून टाकलेल्या काचेच्या बाटलीत गोळा करतात. बाटलीतील कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात आम्लधर्मी वायू शोषले जातात. नायट्रोजन, हेलियम वर राहतात. मग दोन्ही भाग मोजता येतात.

कोकणातील झरे काय सांगतात?

कोकणातील झऱ्यांच्या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन असतो. पाणी आम्लधर्मी नसून अल्कधर्मी असते व त्यात सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड आढळतात. म्हणजे हे शिलारसाचे पाणी नव्हे. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तेथील उष्णतेने तापते आणि क्षार घेऊन वर येते. गरम पाण्यात खडकातील सिलिका जास्त विरघळते. पाणी झपाट्याने वर आले तर ती लगेच खाली बसत नाही. त्यामुळे सिलिका मोजून खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो.

आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्हाचाच आहे. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर कातळाखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला.

आपल्या शेतासाठी बोध

पाणी ज्या थरातून येते, त्याचे क्षार सोबत आणते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. कृष्णाकाठच्या अनेक काळ्या जमिनी अतिरिक्त पाणी व अपुऱ्या निचऱ्यामुळे क्षारपड, चोपण झाल्या आहेत. तेथे खारे पाणी दिल्यास नुकसान आणखी वाढते. म्हणून नव्या कूपनलिकेचे पाणी पिकाला देण्यापूर्वी तपासून घ्यावे.

१) पंप १० ते १५ मिनिटे चालवून मगच नमुना घ्यावा.
२) प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी. खताची किंवा औषधाची बाटली वापरू नये.
३) बाटलीवर नाव, गट नंबर व तारीख लिहून नमुना शक्यतो २४ तासांत माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पोहोचवावा.

अहवालात पाण्याची विद्युत वाहकता ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असल्यास पाणी सर्वसाधारणपणे चालते. ०.७५ ते २.२५ असल्यास चांगला निचरा व क्षार सहन करणारे पीक हवे. २.२५ च्या वर असल्यास असे पाणी नेहमीच्या ओलितासाठी टाळावे. रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपेक्षा जास्त असल्यास जमीन चोपण होण्याचा धोका असतो. अशा वेळी तज्ज्ञांच्या सल्ल्याने जिप्समचा वापर करावा.

बिघडलेली जमीन सुधारण्यास वर्षे लागतात; पाण्याचा नमुना घेण्यास अर्धा तास पुरतो.