नारायणगावकर, विठाबाई भाऊ मांग

(जुलै १९३५–१५ जानेवारी २००२). महाराष्ट्रातील ख्यातनाम तमाशा कलावंत, लावणी गायिका, नर्तिका आणि फडमालकीण. ढोलकी फडाच्या तमाशातील गायन, नृत्य व अभिनय या तिन्ही अंगांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. रसिकांनी त्यांना ‘तमाशासम्राज्ञी’ ही उपाधी दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तमाशाचा उत्कर्ष आणि तमाशा कलावंतांच्या जीवनातील अस्थैर्य, या दोहोंचे दर्शन त्यांच्या चरित्रात एकत्र घडते.

विठाबाईंचा जन्म पंढरपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे यमाई या गावचे. आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला. पुढे त्यांचे पुत्र भाऊ व बापू या बंधूंनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने चालविला व नावारूपास आणला. भाऊ हे विठाबाईंचे वडील, तर बापू हे चुलते. तमाशा कलावंताने गावाच्या नावापुढे ‘कर’ प्रत्यय लावून तेच आडनाव म्हणून मिरविण्याचा प्रघात जुना आहे. त्यानुसार फडाला जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे नाव लाभले आणि मूळ गावचे नाव मागे पडले. ज्यांनी कवठ्याचे नाव लावले, त्या कवठेकर कलावंतांची परंपरा मात्र त्या गावी स्वतंत्रपणे चालू राहिली.

या घराण्याचा मुलूख तमाशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगाव हे ढोलकी फडांचे केंद्र होय. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरतात. त्या सुमारास, गुढीपाडव्यापासून, अनेक फडांच्या राहुट्या नारायणगावी पडतात आणि गावकारभारी तेथे येऊन जत्रेसाठी फडाशी बोली करतात. या बोलीस ‘सुपारी’ म्हणतात. शिरूरहून दक्षिणेस भीमा ओलांडली, की दौंड तालुका लागतो. त्या तालुक्यात पुणे–सोलापूर रस्त्यावर चौफुला हे ‘संगीत बारी’ या दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध ठिकाण आहे. संगीत बारीत वगनाट्य नसते. थोड्या कलावंतांचा संच कायमच्या थिएटरात बैठकीची व नृत्याची लावणी सादर करतो. ढोलकी फड हा याउलट फिरता असतो. त्यात वगाला प्राधान्य असते व कलावंतांची संख्याही मोठी असते. विठाबाईंची कारकीर्द ढोलकी फडात घडली.

त्यांच्या कामगिरीचे स्वरूप ध्यानी येण्यासाठी तमाशाची मांडणी लक्षात घेणे आवश्यक आहे. आरंभी गण, त्यानंतर गवळण, मग लावण्या व बतावणी आणि शेवटी वग, असा त्याचा पारंपरिक क्रम असतो. गणात गणेशाला आवाहन केले जाते. गवळणीत राधा व तिच्या सख्या, कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांचा विनोदी संवाद रंगतो. वग हे कथानाट्य असून, १८६५ मध्ये उमा सावळजकर यांनी रचलेला मोहना-बटाव हा पहिला वग मानला जातो. साथीला ढोलकी, हलगी, झांज आणि तुणतुणे ही वाद्ये असतात. तुणतुणे हे एकतारी वाद्य लाकडी नळकांड्यासारखे असते. त्याचा तळ कातड्याने मढविलेला असून, बाजूस जोडलेल्या दांडीवरील खुंटीपर्यंत तार ताणलेली असते. त्या तारेवर अखंड छेडला जाणारा एकच सूर गाण्याला आधार देतो. मागे उभे असलेले सुरत्ये मुख्य गायकाची ओळ उंच स्वरात उचलून धरतात. ध्वनिक्षेपकाची सोय नव्हती, त्या काळी उघड्या मैदानातील शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचविण्यासाठी खडा, मोकळा आवाज लागे. तोच आवाज रात्रभर टिकवून, त्याच रात्री नाचून आणि वगातील नायिकेचे कामही करून दाखवावे लागे. गायिका, नर्तकी व अभिनेत्री या तीन भूमिका शहरी रंगभूमीवर बहुधा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात. फडातील प्रमुख स्त्रीला त्या एकटीने पेलाव्या लागतात.

तमाशाच्या बोर्डावर स्त्रियांचा प्रवेश तसा उशिरा झाला. पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम व प्रभाकर यांच्या रचनांनी लावणी भरभराटीस आली, तरी फडात स्त्रीवेषधारी ‘नाच्या पोऱ्या’च नाचत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही स्थिती पालटू लागली. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा आणि शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या जोडीने स्त्री कलावंताला तमाशात मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. विठाबाई त्यानंतरच्या पिढीतील होत. या पिढीत कांताबाई सातारकर यांच्यासारख्या स्त्रियांनी केवळ नायिकेची कामे केली नाहीत, तर फडाचे नेतृत्वही केले.

विठाबाईंचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. कलेचे शिक्षणही त्यांनी कोणा गुरूकडे बसून रीतसर घेतले नाही. फडाबरोबर फिरत असतानाच लावणी, गवळण, भेदिक इ. गीतप्रकार त्यांच्या कानांवर पडत गेले. भेदिकात आध्यात्मिक वा पौराणिक कोडे घालून प्रतिपक्षाला ते सोडविण्याचे आव्हान दिलेले असते. म्हणून ते गाणाऱ्याला पाठांतराबरोबरच हजरजबाबीपणाही लागतो. लहानपणीच विठाबाई रंगमंचावर सहजपणे वावरू लागल्या. वडील व चुलते यांच्या फडात त्यांची जडणघडण झाली. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाने फड चालविला. वडिलांचे व जातीचे नाव त्यांनी आपल्या नावातून गाळले नाही. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या संपूर्ण नावानेच त्या महाराष्ट्राला ज्ञात झाल्या. महार, मांग, कोल्हाटी इ. समाजांनी तमाशा जतन केला. परंतु प्रतिष्ठितांनी कलेला दाद दिली, तरी कलावंताला दूर ठेवले. या पार्श्वभूमीवर ती नाममुद्रा अर्थपूर्ण ठरते.

त्यांच्या उमेदीचा काळ तमाशाच्या दृष्टीने स्थित्यंतराचा होता. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास अश्लीलतेच्या आरोपावरून तत्कालीन मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठविण्यात आली आणि संहितांच्या पूर्वपरीक्षणाची पद्धत आली. त्याच काळात सुशिक्षित लेखक व नट तमाशाच्या बाजाकडे वळले. शाहिरी कलापथकांनी तो सामाजिक व राजकीय प्रचारासाठी वापरला, तर वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा (१९६५) यासारख्या लोकनाट्यांनी तो नाट्यगृहात आणला. सांगत्ये ऐका (१९५९) व पिंजरा (१९७२) या चित्रपटांनी तमाशाचे जग पडद्यावर लोकप्रिय केले. अशा प्रकारे शहरात तमाशाच्या रूपाला मान मिळू लागला. परंतु ते रूप ज्यांनी घडविले, ते फड मात्र कनातीत व जत्रांतच राहिले. विठाबाईंनी आपला मुख्य प्रेक्षक अखेरपर्यंत त्या कनातीतच शोधला.

फडाच्या अर्थकारणाकडे पाहिल्यास त्यांच्या जीवनातील चढउतारांचा उलगडा होतो. हंगाम साधारणपणे दसऱ्यापासून वैशाखाअखेरपर्यंत चालतो आणि पावसाळ्यात फड बंद असतो. हंगामापूर्वी कलावंतांना ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम द्यावी लागते. तंबू, कनाती, वाहने, पोशाख व वाद्ये यांवरही आधीच खर्च होतो. हा पैसा फडमालक बहुधा कर्जाऊ घेतो व हंगामातील उत्पन्नातून फेडतो. जत्रेची सुपारी असेल, तर ठरलेली रक्कम मिळते. तिकिटाच्या खेळात मात्र सारा भरवसा गल्ल्यावर असतो. अवकाळी पाऊस, दुष्काळ किंवा लागोपाठ पडलेले काही खेळ एवढ्यानेही वर्षाचा हिशेब कोलमडू शकतो. नायिकेचे नाव जितके मोठे, तितकी तिच्या न येण्याने होणारी हानीही मोठी. आजारपण, बाळंतपण किंवा वार्धक्य यांसाठी या व्यवस्थेत वेगळी तरतूद नव्हती.

विठाबाईंच्या संदर्भात सर्वत्र सांगितली जाणारी घटना या परिस्थितीत घडलेली आहे. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना त्या एका खेळात नाचत होत्या. प्रयोग चालू असतानाच त्यांना प्रसववेदना सुरू झाल्या. त्या रंगमंचामागे गेल्या, तेथे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा साज चढवून उरलेला खेळ पूर्ण करण्यासाठी प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. घडला प्रकार लक्षात येताच प्रेक्षकांनीच खेळ थांबविण्याची व त्यांना विश्रांती घेण्याची विनंती केली, असे सांगतात. ही हकीकत सामान्यतः त्यांच्या धैर्याचे व कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि, आसन्नप्रसवा स्त्रीला रंगमंचावर उभे राहावे लागते, यातून त्या व्यवसायातील सक्तीचेही दर्शन घडते. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याविना तिचा पूर्ण अर्थ लागत नाही.

विठाबाईंना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्काराचा बहुमान मिळाला. पहिला सन्मान झाला, तेव्हा त्या अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. दोन सन्मानांमधील तेहतीस वर्षांत त्यांचे नाव खेडोपाडी पोचले. परंतु सन्मान व लोकप्रियता यांमुळे आर्थिक स्थैर्य आले नाही. त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यांच्या निधनानंतर रुग्णालयाचे देयक देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले.

त्यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्र शासनाने त्यांच्या स्मरणार्थ ‘तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार’ सुरू केला. तमाशाच्या क्षेत्रात प्रदीर्घ सेवा केलेल्या कलावंतास तो दिला जातो. कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे, मधुकर नेराळे, गुलाबबाई संगमनेरकर इ. त्याचे मानकरी होत. विठाबाईंच्या आजोबांच्या कवठे यमाई गावाकडेही हा मान गेला आहे. तेथील गंगाराम कवठेकर तसेच वगलेखक व गीतकार बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांना तो लाभला. मोमीन यांनी अनेक नामांकित फडांना वग व गीते लिहून दिली. नायिकेच्या नावाने जाहिरात होते, वगलेखकाचे नाव बहुधा पडद्याआडच राहते. त्यामुळे हा पुरस्कार लेखकापर्यंत पोचणे हेही उल्लेखनीय आहे.

विठाबाईंचा वारसा त्यांच्या अपत्यांनी पुढे चालविला. कन्या मंगला बनसोडे यांनी नायिका व फडमालकीण म्हणून स्वतंत्र कीर्ती संपादन केली. त्यांचे पुत्र नितीनकुमार यांचे नाव त्यांच्या फडाशी जोडले गेले. नारायण खुडे यांच्यापासून मोजल्यास त्यांच्या रूपाने या घराण्याची पाचवी पिढी तमाशात उतरली. पोशाख, प्रकाशयोजना, वाद्ये व गीते यांत या काळात पुष्कळ बदल झाले. चित्रपटगीतांवरील नृत्यांना मोठी जागा मिळाली व वगाचा वेळ आक्रसला. त्याबरोबर अनेक पारंपरिक लावण्या व गवळणी मागे पडल्या. तोंडी परंपरेतील कलावंताचे कर्तृत्व त्याच्या गळ्याबरोबर आणि पावलांबरोबर लोपते. लिखित रचना मागे ठेवणाऱ्या शाहिरांच्या तुलनेत विठाबाईंसारख्या सादरकर्त्या स्त्रियांची नोंद म्हणूनच अपुरी राहते. ही उणीव भरून काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे योगिराज बागूल यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र, तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा.

तमाशा हा प्रथम हीन लेखला गेला, मग सुधारणेयोग्य मानला गेला आणि शेवटी महाराष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा म्हणून गौरविला गेला. या तिन्ही अवस्था विठाबाईंनी एकाच आयुष्यात अनुभवल्या. कलेला प्राप्त झालेली प्रतिष्ठा कलावंताच्या उपजीविकेपर्यंत पोचण्यास किती काळ लागतो, याचे त्यांचे चरित्र हे एक ठळक प्रमाण आहे.