तिळगुळाचे कार्ड आपल्या हाताने



पौष महिना आला की संक्रांत येते. जानेवारीच्या १४ तारखेला ती असते. एखाद्या वर्षी १५ तारखेला येते. घरोघर तीळ भाजल्याचा वास सुटतो. गुळाचा पाक होतो. लाडू वळताना हाताला चटके बसतात. तरी लाडू गरम असतानाच वळावे लागतात. पाक थांबत नाही.

पण आपल्या दाभोळला बऱ्याच घरांत असे होते. लाडू वळून होतात, आणि ज्याच्या हातावर लाडू ठेवायचा, तोच घरी नसतो. कोणाचा मुलगा मुंबईला. कोणाचा भाऊ पुण्याला. कोणाचा धनी आखाती देशात. पूर्वी मुंबईची आगबोट दाभोळ बंदराला लागत असे. माणसे आगबोटीने जात-येत. आता एस.टी. आहे. खेडला रेल्वे आहे. वाट बदलली. पण पोटासाठी बाहेर जाणे काही सुटले नाही.

मग इतक्या दूरच्या माणसाला तिळगूळ कसा द्यावा? एक सोपा उपाय आहे. लाडवाचे चित्र काढावे. त्याखाली आपल्या अक्षरात चार ओळी लिहाव्या. आणि टपालाने पाठवावे. यालाच भेटकार्ड म्हणतात. ते कसे करायचे, हे आम्ही आज सांगणार आहोत.

कार्डाची चाल कोठून आली?

चित्राचे भेटकार्ड मूळचे विलायतेतले. लंडन शहरात हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ होते. नाताळात त्यांना पुष्कळ पत्रे येत. सगळ्यांना उत्तरे लिहिणार कशी? १८४३ साली त्यांनी एका चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. ते छापून घेतले. खाली फक्त नाव घालायचे, की झाले पत्र!

आपल्या देशात १८७९ साली पोस्टकार्ड निघाले. तेव्हा त्याची किंमत होती पाव आणा. गरिबाला परवडेल असे ते पत्र होते. पुढे आपल्याकडेही सणाची कार्डे निघाली. दिवाळीची आली. ईदची आली. संक्रांतीचीही आली. संक्रांतीच्या कार्डाबरोबर हलव्याचे चार दाणे पुडीत घालून पाठवण्याची चाल मराठी माणसांत पडली.

आता घरोघर मोबाइल झाला. संक्रांतीच्या सकाळी त्यावर पन्नास चित्रे येतात. आपणही ती पुढे ढकलतो. संध्याकाळपर्यंत कोणाचे कोणते, ते आठवत नाही. हाताने केलेले कार्ड तसे नसते. ते माणूस पेटीत जपून ठेवतो.

सामान काय लागते?

फार खर्च नको. घरात शोधा. बरेचसे घरातच मिळेल.

कागद जाड हवा. दुकानात कार्डाचा जाड कागद मिळतो. नाहीतर जुन्या लग्नपत्रिका बघा. त्यांची एक बाजू पुष्कळदा कोरी असते. ती चालते.

रंग असे करा. हळद पाण्यात कालवली की पिवळा रंग होतो. त्या हळदीत चिमूटभर चुना घातला की ती लाल होते. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. लाडवाला गुळाचा रंग हवा. तो तर आपल्या पायाखाली आहे! कोकणची तांबडी माती घ्या. पाण्यात कालवा. फडक्याने गाळा. थोडा वेळ तशीच ठेवा. तळाला जो बारीक गाळ बसतो, तो रंगाला घ्या. प्रत्येक रंगात डिंकाचे पाणी थोडे घाला. म्हणजे रंग सुकल्यावर हाताला लागत नाही. काळा रंग हवा असेल, तर दिव्याची काजळी घ्या.

हळदीचा रंग उन्हात विटतो. म्हणून कार्ड सावलीत वाळवा.

चिकटवायला खळ करा. दोन चमचे मैदा अर्ध्या वाटी पाण्यात कालवा. गुठळी राहू देऊ नका. मंद विस्तवावर ढवळत राहा. घट्ट झाली की उतरा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत. मोरचूद विष आहे. मुलाबाळांच्या घरात ते नको. खळ लागेल तेवढीच करावी, आणि उरली तर टाकून द्यावी. खळ नसली, तर शिजलेल्या भाताची दोन शिते चुरडून लावा. तीही चिकटतात.

कार्ड कापावे कसे?

पट्टी आणि पेन्सिल घ्या. २० सेंटिमीटर लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद असा कागद आखा. कापा. आता लांबीच्या मधोमध घडी घाला. घडीवरून चमच्याची पाठ फिरवा. घडी साफ बसते. कार्ड तयार झाले. ते १४ सेंटिमीटर उंच आणि १० सेंटिमीटर रुंद होते.

पाकीटही घरी होते. त्याला साधा कागद घ्या. २५ सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद. लांबीवर वरून ४ सेंटिमीटरवर एक रेघ मारा. त्याखाली ११ सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारा. खाली १० सेंटिमीटर उरतात. वरचा भाग हे झाकण. मधला भाग हे पाकिटाचे तोंड. त्यावर पत्ता येतो. खालचा भाग पाठीवर दुमडतो. मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटरची पट्टी ठेवा. झाकणाच्या आणि खालच्या भागाच्या बाजूंचा तेवढाच कागद कापून टाका. पट्ट्या आत दुमडा. त्यांना खळ लावा. खालचा भाग वर आणून त्यांवर दाबा. झाले पाकीट!

पहिले पाकीट वाकडे होईल. होऊ द्या. आमचेही झाले होते. म्हणून आधी जुन्या वर्तमानपत्रावर करून बघा.

चित्र कोणते काढावे?

"आम्हाला चित्र येत नाही," असे पुष्कळजण म्हणतात. पण रुपयाभोवती पेन्सिल फिरवता येते ना? मग लाडू आलाच!

कार्डावर रुपया ठेवा. त्याच्याभोवती पेन्सिल फिरवा. खाली दोन लाडू आणि वर एक लाडू, असे तीन काढा. मातीचा रंग भरा. वाळू द्या. आता तांदळाचे पीठ डिंकाच्या पाण्यात कालवा. आगकाडीच्या टोकाने त्यावर तीळ उठवा. तीळ नीट बघितला आहे का? तो वाटोळा नसतो. एका बाजूला निमुळता असतो. पाण्याच्या थेंबासारखा. म्हणून थेंब द्या, नुसता ठिपका नको. आणि सगळे तीळ एका दिशेला नकोत. लाडवात ते कसेही बसलेले असतात.

तिळाची वडी काढायची असेल, तर पट्टीने तिरक्या रेघा मारा. त्यांवर उलट्या तिरक्या रेघा मारा. चौकटी पडतात. एकेक चौकट म्हणजे एकेक वडी.

हलवा काढायला मजा येते. लहान गोल काढा आणि त्याला भोवती बारीक काटे द्या. खरा हलवा करणे कष्टाचे असते. परातीत तीळ घेतात. खाली मंद विस्तव ठेवतात. साखरेचा पाक चमचा-चमचा घालतात आणि हाताने हलवत राहतात. एक पुट वाळले की दुसरे. असे करत करत काटा फुलतो. घाई केली की दाण्याला दाणा चिकटतो. चित्रातला काटा मात्र पेन्सिलीने एका क्षणात फुलतो.

घरात नवी सून आली असेल किंवा बाळाची पहिली संक्रांत असेल, तर हलव्याचे दागिने घालतात. सून माहेरी असेल किंवा बाळ मुंबईला असेल, तर कार्डाच्या चारी बाजूंना हलव्याचे दाणे ओळीने काढा. जणू हलव्याची माळच. ज्याला पाठवले, त्याला न सांगता कळते.

आत काय लिहावे?

चित्र झाले. आता खरे काम. आत लिहायचे.

आधी पाटीवर लिहा. मग कार्डावर. पेन्सिलीने बारीक रेघा आखून घ्या. मजकूर लिहून वाळला की रेघा पुसा. 'तिळगूळ' हा शब्द नीट बघा. यात ळ दोनदा येतो. 'गू'ला दुसरा उकार आहे.

नुसते 'तिळगूळ घ्या, गोड बोला' एवढेच लिहू नका. ते तर सगळेच लिहितात. आपल्या मनातली एक तरी ओळ लिहा. यावर एक हकीगत सांगतो.

आमच्या वर्गाला एक काकी येत. वय साठीच्या पुढे. मुलगा मुंबईला. घराच्या वाटणीवरून त्याचे आणि वडिलांचे वाजले. तो रागाने गेला. पुढे वडील वारले. मुलगा दिवसकार्याला आला, आणि गेला. मग फोन येई, पण "बरी आहेस ना?" "बरी आहे." एवढ्यावर संपे. दोघांनाही पुढचे बोलवत नसे.

आम्ही म्हटले, "काकी, पत्र का नाही पाठवले?" काकी म्हणाल्या, "पत्र लिहायला दुसऱ्याकडे जायचं. मनातलं त्याच्यासमोर कसं सांगायचं? घरातली गोष्ट गावभर होते." आम्ही गप्प झालो. ज्याला लिहिता येत नाही, त्याला गुपित ठेवता येत नाही, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

त्या वर्षी संक्रांतीला वर्गात आम्ही सगळ्यांनी कार्डे केली. काकींनी एकच लाडू काढला. जरा चपटाच झाला. आत त्यांनी काय लिहिले, ते आम्ही पाहिले नाही. त्यांनी कार्ड हाताने झाकून लिहिले. दोन शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ तेवढे विचारले. पाकीट स्वतः बंद केले. स्वतः टपाल कचेरीत नेऊन टाकले.

मुलगा शिमग्याला घरी आला. पुढे एकदा काकींनीच आम्हाला सांगितले. कार्डात लिहिले होते, "बाबा, मी रागावलेली नाही. तूही राग सोड. घर तुझेच आहे. ये." एवढेच.

या चार ओळी लिहायला काकी दोन वर्षे अक्षरे गिरवत होत्या.

पत्ता आणि टपाल

पत्ता चुकला तर सगळे कष्ट वाया जातात. म्हणून पत्ता सावकाश लिहा. आधी नाव. मग घर किंवा चाळ, खोलीचा नंबर. मग रस्ता, भाग, शहर. शेवटी पिनकोड. पिनकोड म्हणजे सहा आकडे. आपल्या देशात तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. एकाच नावाची गावे पुष्कळ असतात. पिनकोडमुळे त्यांत गोंधळ होत नाही. मुंबईचा पिनकोड ४०० ने सुरू होतो. आपल्या दाभोळचा ४१५७०६ आहे. हा पाठ करून ठेवा. पाकिटाच्या मागे आपले नाव आणि पत्ता लिहा. कोणी न भेटले तर पत्र परत येते, हरवत नाही.

पाकिटात खरे तिळगूळ घालावे का? लाडू घालू नका. तिळाचे तेल सुटते. कार्डावर डाग पडतो. टपालाचा शिक्का वरून बसला की लाडवाचा चुरा होतो. घालायचेच असेल, तर काटेरी हलव्याचे चार-पाच दाणे घाला. ते कोरडे असतात. चपट्या पुडीत बांधा. परदेशी जाणाऱ्या पत्रात मात्र खाण्याची वस्तू घालू नका. चित्रातल्या लाडवाला मुंग्या लागत नाहीत, हेही खरे!

पाकिटाचे वजन टपाल कचेरीत करून घ्या. वजन वाढले की तिकीट जास्त लागते. तिकीट कमी पडले, तर पत्र घेणाऱ्याला पैसे भरावे लागतात. गोड बोला म्हणायचे, आणि दंड भरायला लावायचा, हे बरे नव्हे. संक्रांतीच्या आधी दहा-बारा दिवस कार्ड टाका.

इतर सणांना

एकदा हात बसला की प्रत्येक सणाला कार्ड करता येते. गणपतीला मोदक काढा. खाली फुगीर, वर टोक, आणि टोकाकडे जाणाऱ्या कळ्यांच्या रेघा. दिवाळीला करंजी काढा. बांगडी ठेवून अर्धा गोल आखा. कडेला कातण फिरवल्यासारखी नागमोडी रेघ द्या.

आपल्या दाभोळला हिंदूही आहेत, मुसलमानही आहेत. ईदला शेजाऱ्याच्या घरून शीरखुर्मा येतो. ईदच्या कार्डावर शीरखुर्म्याची वाटी काढा. वर चंद्रकोर काढा. करंजीला लागलेली बांगडीच चंद्रकोरीला लागते. एकदा आखा. मग बांगडी जरा सरकवून पुन्हा आखा. मधला भाग पुसा. कोर तयार!

तर यंदा एक तरी कार्ड करा. ज्याची आठवण रोज येते, त्याला पाठवा. आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याला तर आधी पाठवा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. लाडू चपटा झाला तरी चालेल. ते अक्षर तुमचे आहे, आणि वाचणारा ते ओळखणार आहे.